‘तंय’च्या आधीचं अक्षर

३ नोव्हेंबर, सोमवार

आज कळलं की मी अज्ञात आहे.

रुपाली ऑफिसातून आली ती पुस्तक नाचवतच. "आई, हे बघ! मामाचं!" ‘उडता धोटा’, अंक नववा, पुनर्मुद्रण. माझ्या भावाची, आनंदाचीच चित्रकथा. तिच्या ऑफिसातली पोरं वाचतायत म्हणे, आणि ही बापडी त्यांना सांगत सुटली की हा माझा सख्खा मामा. आतल्या पानावर छापलंय : कथा व चित्रं – आनंदा घाडी. अक्षरलेखन – अज्ञात.

नऊच्या नऊ अंकांतले बोलण्याचे सगळे फुगे मी भरले. लालबागच्या खोलीत पाटावर कागद ठेवून, टाकाने, मान मोडेस्तोवर. एकविसाव्या वर्षी मला पाठदुखी लागली ती ह्या धोट्यापायी. आणि मी अज्ञात!

बरं, तेही सोडून दिलं असतं. चष्मा लावून वाचायला बसले. केशा हा मागावरचा साधा कामगार. अन्याय दिसला की तोंडाला गमछा बांधतो आणि हातातला मागाचा लाकडी धोटा भिरकावतो. धोटा गुंडाला लागतो आणि फिरून केशाच्या हातात येतो. एवढीच त्याची जादू, पण तेव्हा गिरणगावातल्या पोरांनी लाकडाचे तुकडे भिरकावून किती काचा फोडल्या त्याला गणती नाही. तुकडे परत येत नसत, बापाचा हात मात्र यायचा.

शेवटची चौकट मला डोळे मिटूनही दिसते. केशा उंबऱ्यात, बाहेर अंधार, आई स्टोव्हकडे तोंड करून. केशाच्या तोंडून निघालेला फुगा. आणि त्यात आता काय आहे? "आई, काहीतरी येतंय!!!" तीन उद्गारचिन्हं, तीही कॉम्प्युटरची.

अरे, काय येतंय? कुठनं येतंय? काही येत नाहीये! "आये, येतंय," एवढंच होतं तिथे. आमच्यात मालवणीत घराबाहेर पडताना ‘मी येतंय’ म्हणतात. बाकीचे ‘येतो’ म्हणतात, तेच. म्हणजे निघालो, परत येईन. ह्या छापणाऱ्या शहाण्याने त्याचं भूत करून ठेवलं.

पुस्तकाच्या मागे त्याचा फोन नंबर दिलाय. उद्या बघतेच.

४ नोव्हेंबर, मंगळवार

बघितलं. फोनवर पोरगा गोड बोलतो, म्हणून जास्त राग आला. सिद्धांत विजयकर, वय तिशीच्या आसपास. गिरगावात ज्यांच्या छापखान्यात ‘उडता धोटा’ छापला जायचा, त्या विजयकरांचा नातू.

"काकू, अक्षरं तुमची? आम्ही तुम्हाला किती शोधलं!"

"लालबागला येऊन विचारलं असतंस तर पानवाल्याने सांगितलं असतं."

मग त्याने खुलासा केला. त्यांच्याकडे नवव्या अंकाची एकच प्रत उरली होती, आणि शेवटच्या पानाचा कोपरा वाळवीने खाल्लेला. फुग्यात फक्त ‘तंय’ शिल्लक. केशा दाराबाहेर अंधारात बघतोय, तेव्हा ह्याला वाटलं, काहीतरी येतंय. मालवणी ह्याच्या घरात कधी बोललीच गेली नाही, त्यामुळे ‘तंय’ बोलणाऱ्या माणसाला स्वतःलाही लागतं हे त्याच्या गावीही नाही.

"पण काकू, ते वाक्य आता लोकांच्या तोंडी बसलंय. टी-शर्ट निघालेत. त्याच्यावरून दहावा अंक काढायचा विचार आहे. काय येतंय ते वाचकांनाच विचारलंय आम्ही."

"वाचकांना विचारलंत. आम्हाला नाही."

मग मी सुनावलं, "हे बघ, लेखकाचा शब्द तो लेखकाचा शब्द. वाळवीने खाल्ला तरी त्याचाच. त्याला हात लावायचा हक्क कुणाच्या बापाला नाही." बाप काढायला नको होता. पण बाकी सगळं बरोबर बोलले.

त्यालाही पटलं. म्हणाला, पुरावा दाखवा, बदलतो. दुसरी आवृत्ती अठ्ठावीस तारखेला छापायला जाणार आहे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

रुपाली म्हणते, "आई, एका शब्दासाठी एवढं काय? मामाचं नाव झालं ना?" मी तिला स्पष्ट सांगितलं, मला आनंदाचं काही नाही, भाषेचं आहे. चाळीस वर्षं शाळेच्या ऑफिसात प्रमाणपत्रांवर नावं लिहिली, एकाचीही वेलांटी चुकवली नाही. शब्द चुकलेला मला बघवत नाही, बस.

आपल्याकडे प्रत कशी नाही, हे तिने विचारलं. होती एक. आईच्या उशाखाली असायची. आई गेली तेव्हा ती तिच्याबरोबरच दिली. आईला वाचता येत नव्हतं, पण आवडायची तिला.

रुपालीने मग वॉचमनचा विषय काढला. नवा वॉचमन आलाय, त्याला मी चिठ्ठी दिली ती तिला समजली. आमची चाळ पाडून टॉवर झाला तेव्हापासूनची माझी पद्धत आहे : ‘खोली नंबर तेवीस’ विचारत कुणी आलं तर चौदाव्या मजल्यावर पाठवायचं. वॉचमन बदलला की पुन्हा लिहून द्यावं लागतं. रुपाली ह्यावर काही बोलत नाही, नुसती बघते. ह्यात बघण्यासारखं काय आहे? पत्ता बदलला की कळवायलाच हवं. आनंदा बाहेरगावी असतो, त्याला कसं कळणार?

संप फिसकटल्यावर गिरणीने त्याला परत घेतलं नाही. चौऱ्याऐंशीच्या मार्चमध्ये तो सुरतेला गेला. दोन पत्रं आली. मग काही तो आला नाही, एवढंच.

९ नोव्हेंबर, रविवार

वरळीला जाऊन आले. आनंदाच्या शेजारच्या मागावर काम करणारा मनूदादा पूर्वी बीडीडी चाळीत राहायचा, आता तिथेच नव्या इमारतीत असतो, बाविसाव्या मजल्यावर. लिफ्टमध्ये कान बंद झाले.

"अगो मालू! तू हय खय?" त्याने दारातच मला मिठी मारली. जाईवहिनीने चहाबरोबर गोड रसातल्या खापरोळ्या काढल्या. मी कामाचं बोलेपर्यंत तिसरी खाऊन झाली होती.

मनूदादाकडे आठ अंक निघाले, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी न मोडता ठेवलेले. नववा नाही. माझा चेहरा पडला असणार, कारण जाईवहिनी म्हणाली, "ट्रंकेच्या बुडाक मी कायतरी चितारलेलो कागद घातलंय. बघा ता." मनूदादा तिच्यावर खेकसला, "एवडी वर्सां मी शोदतंय, आनि तू तेच्यार साडये ठेवलंस!" ट्रंक उपसली. तळाला होता. मधली पानं डांबराच्या गोळ्यांनी पिवळी झालेली, पण शेवटचं पान शाबूत.

"आये, येतंय."

माझंच अक्षर. ‘ये’ची मात्रा जराशी मागे कललेली, तेव्हा मी तशीच काढायचे. मला एवढा आनंद झाला की चौथी खापरोळी खाल्ली.

निघताना मनूदादा म्हणाला, "ह्यो अंक इलो तेवा आनंदा हय खय होतो? तेच्या आदीच गेलो तो." मी म्हटलं, नाही, अंक आल्यावर गेला. मनूदादाला तारखा कधीच आठवायच्या नाहीत.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

गिरगावात विजयकरांकडे गेले. छापखान्याच्या जागी आता काचेचं ऑफिस आहे, घर वरच्या मजल्यावर तेच.

सिद्धांतने अंक हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि कान पकडले. "म्हणजे अर्धं बरोबर होतं माझं," म्हणाला. मी म्हटलं, गणितात अर्धे मार्क देतात, भाषेत नाही. तो मोकळेपणाने हसला. टी-शर्ट थांबवतो म्हणाला, दहावा अंकही. "आता काही येतच नसेल तर काढू काय?" वर, अक्षरलेखनात माझं नाव घालणार. शिवाय विचारलं, तो फुगा मी पुन्हा माझ्या हाताने लिहीन का? मी लाजले. हात पूर्वीचा नाही, पण बघू म्हटलं.

त्याची आजी यशोदाबाई आतून आल्या. शहाऐंशीच्या, काठी टेकत, पण नजर खणखणीत. मला बघून म्हणाल्या, "तू ती अक्षरवाली ना? शाईने बोटं निळी करून यायचीस." मग त्यांनी सिद्धांतला कपाटाच्या वरच्या कप्प्यातून एक बासन काढायला लावलं. यजमानांनी जुनी हस्तलिखितं बांधून ठेवली होती. त्यात आनंदाच्या संहिता. शाळेच्या वहीतून फाडलेली पानं, प्रत्येक चौकटीला आकडा, कोण काय बोलतं ते समोर.

मी सिद्धांतला दाखवायला म्हणून शेवटचं पान काढलं. मग दाखवलं नाही. चार दिवस घरी नेते म्हटलं. यशोदाबाई म्हणाल्या, "ने, तुझंच आहे ते."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

गवार निवडली. दळण आणलं. बासन सोडलं नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

लिहून टाकते. ही वही मी माझ्यासाठी लिहिते, इथे खोटं लिहून कुणाला फसवणार?

आनंदाच्या अक्षरात, चौकट अठ्ठेचाळीस, केशा : "आये, जातंय."

येतंय नाही. जातंय.

मला आता सगळं आठवतं, आणि खरं म्हणजे कधी विसरलेच नव्हते. आनंदाच्या लिखाणात चुका फार. वीरचा ‘वि’ पहिला, दीर्घ-ऱ्हस्वाचा पत्ता नाही. मी फुगे भरता भरता सगळं सुधारून घ्यायचे, तो म्हणायचा, "मालू हा म्हणान माझी लाज रवता." त्या दिवशी ‘जातंय’ वाचलं आणि मला ती नेहमीसारखी चूकच वाटली. घरातून निघताना ‘जातंय’ कोण म्हणतं? आमच्याकडे चुकून कुणी म्हटलं तर आई त्याला परत आत घ्यायची, बसवायची, घोटभर पाणी पाजायची आणि मग ‘येतंय’ म्हणवून सोडायची. जातंय फक्त मेलेला माणूस म्हणू शकतो, आणि तो काही बोलत नाही. मी सरळ ‘ये’ काढला.

पानं तयार झाल्यावर आनंदा बघायला बसला. शेवटचं पान त्याने बराच वेळ हातात धरलं. मी विचारलं, काय झालं? म्हणाला, "काय नाय. बरां." खोडायला पांढरा रंग तिथेच पाटाजवळ होता. त्याने बाटली उघडली नाही.

दुसऱ्या दिवशी आई नळावर गेली असताना तो गेला. मी कामावर होते. अंक त्यानंतर पंधरा दिवसांनी आला. मनूदादाचं बरोबर आहे, तारखा मलाच आठवायच्या नव्हत्या.

आई म्हणाली, वाचून दाखव. मी वाचलं. शेवटच्या पानावर मी "आये, येतंय" म्हटलं तेव्हा आई भाजी चिरायची थांबली. "परत वाच." परत वाचलं. मग अख्ख्या मजल्याला लेकाचं सांगत सुटली, "न सांगता नाय गेलो हा माझो झील. येतंय म्हणान गेलो हा." अकरा वर्षं ती त्या शब्दावर बसून राहिली. गावी नेऊ म्हटलं तर गेली नाही, डोळ्याच्या ऑपरेशनला दवाखान्यात राहायची नाही. खोली बंद असताना तो आला तर?

तो शब्द त्याचा नव्हताच. माझा होता.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

रुपालीला सांगितलं. ती माझ्याजवळ येऊन बसली, लहान असताना बसायची तशी. म्हणाली, "आई, छापलेल्या अंकात येतंय आहे. पुरावाही येतंयचाच आहे. ते पान तू बघितलंस आणि मी. कुणाला कळणार आहे?"

कुणाला कळणार नाही हे खरंच. माझं नाव येईल, माझा शब्द राहील, सगळे खूश. पण मीच त्या पोराला फोनवर काय सुनावलं? लेखकाच्या शब्दाला हात लावायचा हक्क कुणाच्या बापाला नाही. म्हणजे त्याने ‘काहीतरी’ घातलं तर तो शहाणा, आणि मी ‘ये’ घातला तर मी कोण? त्याला निदान वाळवीची सबब होती.

आणि जातंय छापावं, तर आई?

तीन दिवस मी घरात नुसती येरझारा घालतेय. कामवाली म्हणाली, मावशी, लादी सुकू दे.

२४ नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा वरळी. ह्या वेळी खापरोळ्या नाही, काही नाही, सरळ विचारलं. "मनूदादा, आनंदा परत येणार नाही असं तुला म्हणाला होता?"

मनूदादाने टीव्ही बंद केला. जाईवहिनी आत गेली.

"जावच्या आदल्या दिवशी तो माझ्याकडे इलो," तो म्हणाला. "तुझी पानां बघून. हसत होतो आनि रडत पन होतो. म्हणालो, मी लिवलंय एक, आनि मालून माका परत बोलावल्यान."

"मग?"

"मगे काय. गेलोच तो. म्हणालो, हय मान वर करून चलाक जमना नाय. परत येवचंय नाय. मालूक सांगू नको."

"आणि तू एक्केचाळीस वर्षं सांगितलं नाहीस."

"तू कदी इचारलंस?"

दर दिवाळीला आम्ही भेटतो, दर दिवाळीला मी म्हणते, आनंदा बाहेरगावी असतो, आणि मनूदादा मान हलवतो. मी रडले. पुष्कळ वर्षांनी, आवाज करून रडले. जाईवहिनीने पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

बसमध्ये एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. त्याला जायचंच होतं, तर माझा ‘ये’ त्याने खोडला का नाही? दोन मिनिटांचं काम. आळस तर त्याला कधीच नव्हता. मला ते काही केल्या उलगडत नाही.

घरी आल्यावर मात्र ठरलं. जो शब्द त्याने लिहिला तो छापायचा. माझ्या हाताने बिघडवलाय, माझ्याच हाताने नीट करायचा. जुना टाक काढला, निब पेटत्या काडीवर धरून साफ केलं, आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर ‘जा’ गिरवायला बसले. पहिले वीस वाकडे आले.

२६ नोव्हेंबर, बुधवार

दोनशे ‘जा’ काढले. आता काना सरळ उतरतो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

दहा वाजताच गिरगावात हजर. बासन सिद्धांतपुढे ठेवलं, शेवटचं पान काढलं आणि सगळं सांगितलं. चूक कुणाची, कधीची, आणि आईचं काय झालं, तेही. यशोदाबाई खुर्चीत डोळे मिटून ऐकत होत्या.

शेवटी तो म्हणाला, "काकू, तुम्ही म्हणाल तर येतंयच ठेवू. तेच छापलं गेलं होतं. चालेल."

"नाही चालणार," मी म्हटलं. "कागद आण."

त्याने शेवटच्या चौकटीचा मोठा प्रिंट काढून दिला, फुगा कोरा. मी टाक बुडवला. "आये, जातंय." ‘जा’ एका दमात आला.

मग मी सिद्धांतला म्हटलं, अजून एक फुगा काढ. आईच्या तोंडून.

तो गोंधळला. "काकू, मूळ चौकटीत आईचा फुगाच नाहीये. तुम्हीच म्हणालात ना, लेखकाच्या शब्दाला..."

"त्याच्या शब्दाला मी हात लावत नाहीये. तो त्याला लखलाभ. पण तो गेला तेव्हा आई नळावर होती. तिला बोलायला मिळालंच नाही. खाली स्पष्ट छाप, आईचा फुगा नवा, मालन घाडी, दोन हजार पंचवीस. म्हणजे उद्या कुणी त्याच्या माथी मारणार नाही."

सिद्धांत यशोदाबाईंकडे बघायला लागला. त्या डोळे न उघडताच म्हणाल्या, "लिहू दे रे तिला."

त्याने पेन्सिलीने स्टोव्हच्या वर एक गोल काढला. त्यात मी लिहिलं : "जातंय म्हणा नये, बाबा. येतंय म्हण."

शाई वाळेपर्यंत मी टाक पुसून ठेवला. केशा अजून उंबऱ्यातच उभा आहे, तोंड बाहेर अंधाराकडे. आईचं त्याला ऐकू गेलं की नाही, ते आनंदाने काढलेलं नाही.